प्रबंधाचा तयार साचा विद्यापीठांनी द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रबंध सादर करायचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या डीटीपी सेंटरांत मराठीच्या विद्यार्थ्यांचे ठरलेले गाऱ्हाणे असते: नियमावलीतला ‘१२ पॉइंट, दीड ओळींचे अंतर’ हा नियम पाळला, तरी पान विचित्र दिसते. दिसणारच. हा नियम टाइम्स न्यू रोमन या इंग्रजी टंकाच्या (फॉन्टच्या) मापाचा आहे. देवनागरी टंकांत १२ पॉइंटला कोकिला अगदी बारीक दिसतो, मंगल ठसठशीत. शिवाय मंगलची ओळ मुळातच उंच, त्यामुळे दीडपट अंतर दिले की पाने फुगतात. म्हणून टंक आणि आकार दोन्ही नेमून द्यावेत आणि ओळींचे अंतर वर्डच्या ‘एक्झॅक्टली’ पर्यायाने पॉइंटांत सांगावे. मंगल १४ ला २४ पॉइंट चालतात. मात्र चित्राच्या परिच्छेदाला ‘सिंगल’च ठेवावे, नाहीतर चित्राची फक्त पट्टी दिसते.

वर्डमध्ये एका शैलीला (‘स्टाइल’ला) दोन टंक असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फॉन्टच्या खिडकीत वर ‘लॅटिन’ आणि खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे कप्पे आहेत. देवनागरी खालच्या कप्प्याचे ऐकते. वरचा बदलून मराठी अक्षर बदलत नाही, म्हणून विद्यार्थी मजकूर निवडून हाताने आकार देतो आणि साऱ्या प्रबंधाची एकसारखी मांडणी तिथेच मोडते. खालचा कप्पा दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत मराठी जोडावी.

प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग वन’, उपशीर्षकाला ‘हेडिंग टू’ या तयार शैली दिल्या, तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते. शेवटी एफ-९ दाबून ‘अपडेट एन्टायर टेबल’ करायचे एवढेच. टिंबे हाताने टाकून केलेली अनुक्रमणिका एक परिच्छेद वाढला की खोटी ठरते. ऋणनिर्देशापर्यंत रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १ हवा असेल, तर मध्ये ‘सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज’ टाकावा, नव्या भागाच्या फूटरमध्ये (पानाच्या तळाच्या पट्टीत) ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करावे आणि मगच ‘स्टार्ट ॲट’ १ करावे. ब्रेक न टाकताच आकडे बदलले की मागचेही बदलून बसतात. बांधणीसाठी डावा समास दीड इंच ठेवावा. एक इंच ठेवला तर शिवणीत अक्षरे जातात.

सीमाभागाची खरी गोची कन्नड उताऱ्यांची. वचने, शिलालेख, महसुली कागद यांशिवाय इथल्या कित्येक विषयांवर लिहिताच येत नाही. कन्नडही वर्डच्या लेखी कॉम्प्लेक्स लिपीच. मंगलमध्ये कन्नड अक्षरे नाहीत, म्हणून वर्ड मनानेच दुसरा टंक आणतो आणि उतारा लहान-मोठा दिसतो. निर्मला यूआय या टंकात दोन्ही लिप्या आहेत. किंवा ‘कन्नड उतारा’ अशी वेगळी शैली करून तिला तुंगा हा कन्नड टंक द्यावा. नुडी या कन्नड टंकलेखन प्रणालीच्या जुन्या आवृत्तीतला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर चिकटवल्यावर रोमन अक्षरांची खिचडी होते. श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचे तेच. अशा प्रबंधाची साहित्यचौर्य तपासणी निरर्थक ठरते आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात टाकला तरी त्यातला शब्द शोधून सापडत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण यंत्राला अक्षरेच वाचता आली नाहीत तर टक्के मोजणार कशाचे?

आणखी एक बारकावा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मराठी माणसाला सांगायला नको. पण हा ऱ्या दोन प्रकारे टंकता येतो: इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जेचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक देऊन. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण एकाने शोधले की दुसरा सापडेलच असे नाही. साच्याबरोबर कोणता प्रकार वापरायचा, तेही सांगावे.

तेव्हा आपल्या भागातील विद्यापीठांनी नियमावलीबरोबर साचाही द्यावा. त्यात शैली, समास, दोन सेक्शन आणि नमुन्याचा एक कन्नड उतारा असावा. फक्त तो वर्डच्या साच्याच्या, म्हणजे डॉटएक्स (.dotx) फाइलच्या रूपात ठेवावा. पीडीएफमधून शैली उचलता येत नाहीत.

– प्रबंधांचे टंकलेखन व मांडणी करणारे, शहापूर, बेळगाव