जाहिरातीतल्या नाण्याविषयी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कात्रण मी दोनदा वाचले. १९३३ च्या अमेरिकन वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याची ‘गौरव आवृत्ती’ (म्हणजे त्याची नक्कल), ‘२४ कॅरेट सोन्याचा मुलामा’, ‘एका घराला पाचच नाणी’, आणि मागणी टपालाने पाठवण्याची शेवटची तारीख. यातला एकही शब्द बहुधा खोटा नाही, आणि मला काळजी वाटते ती त्यामुळेच. कारण हे शब्द अशा क्रमाने मांडले आहेत की वाचणाऱ्याची जी समजूत होते, ती मात्र खरी नसते.

मूळ नाण्याची हकीकत जाहिरातीत बरोबर दिली आहे. त्या साली अशी ४,४५,५०० नाणी पाडली गेली, पण सरकारने सोन्याचे चलन मागे घेतल्यामुळे ती व्यवहारात आलीच नाहीत आणि जवळजवळ सगळी वितळवली गेली. खाजगी व्यक्तीला कायदेशीरपणे बाळगता येईल असे त्यांतले एकच नाणे उरले आहे. ते २०२१ साली लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना विकले गेले. या दुर्मिळतेचे मोल तू नकळत त्या प्रतिकृतीला चिकटवतोस.

आता सोन्याचा हिशेब करू. ‘२४ कॅरेट’ म्हणजे सोने किती शुद्ध. ते किती आहे, हे त्यातून कळत नाही. मूळ नाण्यात सुमारे ३० ग्रॅम शुद्ध सोने आहे. तेवढ्याच आकाराच्या नाण्यावर ०.१ मायक्रॉन (मिलिमीटरचा दहा हजारावा भाग) जाडीचा मुलामा चढवला, तर त्याला सुमारे ४ मिलिग्रॅम सोने पुरते, म्हणजे मूळ नाण्यातल्या सोन्याच्या सात हजारांव्या भागापेक्षाही कमी. आतला धातू कोणता आणि त्याचे वजन किती, हे जाहिरातीत कुठेही लिहिलेले नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द ठसवावा लागतो. कात्रणातल्या चित्रात तो सापडतो का, ते पाहा.

‘मर्यादित’ या शब्दाने मीही एकदा फसलो आहे. तुझ्याच वयाचा असताना मी अशा एका कंपनीकडून एक नाणे मागवले. मुदतीत जितक्या मागण्या येतील तितकीच नाणी पाडायची, एवढाच त्या मर्यादेचा अर्थ होता, म्हणजे मर्यादा गिऱ्हाइकांनी ठरवायची. शिवाय मागणीपत्रावरच्या बारीक अक्षरांत पुढची नाणी दरमहा पाठवण्याची संमती होती, आणि ती मी न वाचताच सही केली होती. ती पाकिटे थांबवायला मला कित्येक महिने पत्रव्यवहार करावा लागला. पुढे नाणी विकायला नेली, तेव्हा व्यापाऱ्याने सोबतची प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि नाणी तराजूत टाकली. ते प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच छापलेले असते. त्रयस्थ तज्ज्ञाने नाणे पारखल्याचा तो दाखला नव्हे, हे मला त्या दिवशी समजले.

पैसे पाठवण्याआधी कंपनीला साधे पत्र लिही: नाण्याचे वजन किती, आतला धातू कोणता, मुलाम्यात सोने किती मिलिग्रॅम, ते कोणत्या टाकसाळीत पाडले आणि परत घेण्याच्या अटी कोणत्या. उत्तर आले की मला पाठव. कात्रण या पत्रासोबत परत पाठवतो आहे.

तुझा,
बाबा