डाव्या स्टिअरिंगचा सल्ला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला नव्या तरुण चालकांना स्वस्त विम्याचे उपाय सांगणारा लेख वाचला. खरं तर लेखाआधी फोटो पाहिला. हातात किल्ली घेऊन हसणारी मुलगी, गाडीत बसलेली, आणि स्टिअरिंग डावीकडे. तिथंच पान उलटायला हवं होतं. पण मी स्वतः तेवीस वर्षांची, लायसन मिळून वर्षही व्हायचंय, आणि विम्यात तोंड पोळून घेतलेली. म्हणून अख्खा वाचला.

लेखकमहाशय म्हणतात, पंचविशीच्या आतल्या चालकाला प्रीमियम जास्त पडतो, म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घ्या. हे कुठल्या देशातलं? आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. या तक्त्यात इंजिनाचा रकाना आहे, चालवणाऱ्याच्या जन्मतारखेचा नाही. सोलापुरात सात रस्त्यावरच्या एजंटकडे गेलात काय किंवा मुंबईच्या हेड ऑफिसात गेलात काय, आकडा तोच. घासाघीस होते ती फक्त ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात. तो भाग गाडीची किंमत, तिचं वय, इंजिन आणि पासिंग कुठलं यावर बसतो. तिथं कंपन्यांना सूट कमीजास्त करायची मोकळीक आहे, हे खरं. पण मी चार कंपन्यांचे आकडे काढले होते. माझं वय तेवीस ऐवजी पन्नास टाकूनही पाहिलं. चारही ठिकाणी रुपयाचा फरक पडला नाही.

आता वडिलांच्या नावाचं. माझ्या वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर तीस वर्षं काढली. त्यांच्या नावावर आजवर एक सायकल, तीही घेतानाची पावती नसलेली. लायसन त्यांनी कधी काढलंच नाही. गाडी त्यांच्या नावावर घेतली असती, तर मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा अपघात विमा असतो तो मला मिळाला नसता, कारण मालक मी नाही. आणि त्यांनाही नाही, कारण चालक ते नाहीत. हे तुमच्या लेखात कुठेच नाही. तिकडच्या बापांकडे बहुतेक सगळ्यांकडे लायसन असावं.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण लेखातला चौथा मुद्दा आहे, ‘जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नका.’ (हा बोनस म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट.) संपादक महोदय, मी विसरले नव्हते. त्याचीच गोष्ट सांगते.

मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. जुळे सोलापुरातून रोज हायवेनं जाऊन येऊन. स्कूटीवर ट्रकच्या वाऱ्यानं हलायला होतं, म्हणून आईनं तगादा लावला आणि गेल्या वर्षी मी २०१९ ची एक छोटी गाडी घेतली, ९९८ सीसी, पुण्याच्या एका गृहस्थांकडून. गाडी नावावर झाली. विम्यासाठी ओळखीतून एक एजंट आला. घरी येऊन चहा घेतला, लायसन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि चुकचुकला. ‘ताई, वय कमी आहे की वो. लायसन पण कोवळं. कंपनी लोडिंग, म्हणजे जादा हप्ता लावणार.’ मग थोडं थांबून, ‘पण बघतो मी तुमच्यासाठी काहीतरी.’

दोन दिवसांनी फोन. लोडिंगही नाही आणि वर पस्तीस टक्के बोनसही बसवून दिला म्हणे, आधीच्या मालकानं तीन वर्षं क्लेम घेतला नव्हता त्याचा. मोबाइलवर ओटीपी आला, मी सांगितला. पॉलिसी सहा हजारांच्या आत बसली. त्या बोनसनं माझे जीएसटी धरून साधारण सतराशे रुपये वाचले होते. त्यातले पाचशे मी त्यालाच चहापाण्याला दिले आणि आईनं शेंगा चटणीचं पाकीट. अर्धा किलोचं.

नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एजंटला नक्की माहीत होतं. आणि तुमच्या लेखकाला अजूनही माहीत नाही! जो गाडी विकतो, तो बोनस आपल्याबरोबर घेऊन जातो आणि पुढच्या गाडीला लावतो. त्या पुण्याच्या गृहस्थांनी तेच केलं होतं, रीतसर पत्र घेऊन. म्हणजे एकच बोनस एकाच वेळी पुण्यात त्यांच्या नव्या गाडीवर चालू होता आणि सोलापुरात माझ्या जुन्या गाडीवर. मी पहिल्यांदाच पॉलिसी घेणारी, माझा बोनस शून्य. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की वीस टक्क्यांपासून सुरुवात होते आणि चढत चढत पाच वर्षांनी पन्नास.

डिसेंबरात, उसाचा हंगाम जोरात असताना, संध्याकाळी सातच्या सुमारास कोंडी गावाजवळ दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यातच उभा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, लाल फडकंसुद्धा नाही. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात मला ती ट्रॉली दिसली तेव्हा ब्रेक दाबण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. मला लागलं नाही. बॉनेट उचकटलं, डावा हेडलाइट गेला, रेडिएटर गळायला लागला आणि बंपर एका बाजूनं लोंबकळू लागला. ट्रॅक्टरवरचा पोरगा माझ्याहून लहान असेल. उतरून आला, ‘ताई, लागलं का वो?’ म्हणाला, आणि मी बोलायच्या आत उसाची मोळी बांधायची दोरी काढून त्यानं बंपर असा आवळून बांधला की गॅरेजवाल्याला ती गाठ कापावी लागली. तेवढं काम पक्कं झालं होतं माझ्या गाडीवर.

बिल ३१,४०० रुपये. प्लॅस्टिकला निम्मे कापतात, जुन्या गाडीच्या लोखंडालाही कापतात, वर एक हजार सक्तीचे आपल्या खिशातून, हे सगळं धरून अठरा-एकोणीस हजार मिळतील असा माझा हिशेब होता. मी अकाउंट्सवाली आहे, हिशेब बरोबर होता. सर्व्हेअर आले, फोटो काढले, दोरीचाही काढला आणि ‘हे काय?’ म्हणून विचारलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. तुम्ही बोनसबद्दल खोटी माहिती दिलीत, प्रस्तावातल्या घोषणेनुसार ओन डॅमेजचा कुठलाही लाभ मिळणार नाही. शून्य.

एजंटला फोन केला तर, ‘ओटीपी कुणी दिला ताई?’

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कागदावर कंपनी चूक नाही, हेही मी मान्य करते. सही माझी, म्हणजे ओटीपी माझा. पण आमच्या ऑफिसात येणाऱ्या ऑडिटर सरांनी मला जुन्या मोटर टॅरिफमधला, म्हणजे गाड्यांच्या विमा दरांच्या नियमावलीतला नियम दाखवला. नुसत्या घोषणेवर बोनस दिला, तर नव्या कंपनीनं पॉलिसी दिल्यापासून एकवीस दिवसांच्या आत जुन्या कंपनीला लिहून खात्री करून घ्यायची असते. माझ्या वेळी ती चौकशी कधी झाली? क्लेम आल्यावर. हप्ता घेताना कुणालाच घाई नव्हती. तेव्हाच पत्र गेलं असतं तर मी सतराशे रुपये भरून मोकळी झाले असते. हाच मुद्दा धरून मी आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. तिथून नकार आल्यावर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केलाय. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. निकाल काय लागेल तो लागो.

तुमच्या वाचकांतली किती मुलंमुली तो चौथा मुद्दा कापून पाकिटात ठेवतील, याचा विचार करून मला काल जेवण गेलं नाही. (गेलं, पण उशिरा.)

स्वस्त विम्याचं लिहायचंच होतं तर इथलं किती लिहिता आलं असतं. एजंट गाडीची विमा किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ती चाळीस-पन्नास हजारांनी उतरवून हप्ता कमी दाखवतात आणि गाडी चोरीला गेली की मगच ते कळतं. फार जुन्या गाडीला फुल पॉलिसीचा सोस न करता नुसती थर्ड पार्टी घेतली तरी कायद्याला चालतं. जितकी चालवाल तितका हप्ता, अशी सोय जुलै २०२२ पासून कंपन्यांना देता येते. माझे रोजचे पन्नास किलोमीटर बघता माझ्या उपयोगाची नाही, पण फक्त रविवारी गाडी काढणाऱ्यांना आहे. पॉलिसी संपून नव्वद दिवस गेले की साठवलेला बोनस बुडतो. ओन डॅमेजच्या दरासाठी पुणे पासिंगची गाडी ‘ए’ झोनमध्ये धरतात आणि आपली एमएच १३ ‘बी’मध्ये, तिला दर किंचित कमी. माझी गाडी सोलापुरात राहूनही कागदावर पुणेकर, त्याचे थोडे जास्तीचे रुपये मी दरसाल निमूट भरणार. यातलं एक वाक्य तुमच्या पानावर नाही. डाव्या स्टिअरिंगची मुलगी मात्र पाव पान व्यापून बसलीय.

आता विषय निघालाच आहे तर एक. विनारिफ्लेक्टरच्या ऊस ट्रॉल्यांबद्दल मी जानेवारीत आपल्याला पत्र पाठवलं होतं. छापलं नाहीत. त्याच आठवड्यात एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आली होती, रंगीत, खाली शुभेच्छुकांचे शंभरेक पासपोर्ट फोटो. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मला कळतं. पण त्या शंभर शुभेच्छुकांनी एकेक ट्रॉली वाटून घेऊन मागे लाल पट्टी चिकटवली असती, तर साहेबांना निदान त्या रात्री हायवेवरनं कुणी शिव्या घातल्या नसत्या. पट्टीचा रोल काही फार महाग नसतो, मी स्वतः आणलाय. कोंडीच्या त्या पोराला देऊन आले. तो म्हणाला, मालकाला विचारतो.

तर विनंती एवढीच की, येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात चौथ्या मुद्द्याची दुरुस्ती छापावी. ‘अनवधानाने’ वगैरे लिहून आतल्या पानावर शोकसंदेशांच्या खाली नको. फोटो टाकायचा असेल तर उजव्या स्टिअरिंगचा टाका. माझ्या गाडीचा पाठवू शकते, बंपर नवा आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर

ता. क. : नाव छापू नये. आईला मी बिल साडेआठ हजार झालं असं सांगितलंय आणि ती तुमचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते.