डब्यांवर आजोबांचं नाव नसेल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मध्येच फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. हॅम्बुर्गच्या काजूच्या ऑर्डरीचं ठरलं. सत्तरी तालुक्यातल्या आणखी चार कारखान्यांबरोबर माल पाठवायचा, सही झाली. डब्यांवर आजोबांचं नाव नसेल.

बाबा, रागवा, पण पुढचं वाचून. आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत घरबसल्या मिळाला. काजूगरावर तिकडे जकातही नाही. घोडं अडतं दुसरीकडेच. वीस फुटी कंटेनरात पन्नास पौंडांचे सातशे डबे, म्हणजे जवळजवळ सोळा टन गर. एवढ्या बिया आपण एकटे कधी फोडणार? थोडाच माल धाडला तर भाडं डोईजड. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, किलोला चार मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही; त्या तपासणीचे, बंदरावरची कागदपत्रं करणाऱ्या क्लिअरिंग एजंटचे पैसे दहा डब्यांना जवळपास तेवढेच जेवढे सातशेंना. मोठ्यांना ते जाणवतही नाहीत, आपला नफा तिथेच जिरतो. त्यात गिऱ्हाईक पैसे देणार नव्वद दिवसांनी. मे महिन्यात बिया घेऊन दारात आलेल्याला तुम्ही ‘गणेश चवथीला ये’ म्हणाल? तुमच्याच्यानं होणार नाही. पाच जण मिळून गेलो म्हणून बँकेनं खुर्ची तरी दिली.

गोव्यातल्या पाकिटांवर नाव आहे तसंच राहील, निळ्या शाईतलं. घरची भट्टीही मोडत नाही. फक्त बाहेरचा माल पिसुर्ल्याच्या शेडमध्ये निवडला जाईल, कारण ३२० नंबरचा माल म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, ते पाचही जणांचे सारखे दिसायला हवेत. निवडीच्या बायका आपल्याच असतील, तसं मी आधी कबूल करून घेतलंय.

आई, टरफलाच्या तेलानं तुझी बोटं काळी पडायची, आणि त्या हातानं भरवायला तू लाजायचीस. मी मुद्दाम ओढून खायचे. आता तू टरफलांना हात लावायचा नाही. मोजे दिलेत, ते फडताळात जपून ठेवायला नव्हेत.

बाबांनी भट्टीपुढे उभं राहायचं नाही. श्वासाचा पंप खिशात हवा, देवघरात नको. खोकला आठवडाभर राहिला तर वाळपईला दाखवा, मला विचारत बसू नका. इन्व्हर्टर शुक्रवारी येतोय. माणसाला परत पाठवू नका, पैसे दिलेत.

कराराची प्रत सोबत आहे. आई, बाबांनी ती फाडायच्या आत त्यांना चष्मा शोधून दे.

तुमची
मनू