ताई, हा कापूस वलाच हाय की!

ती. मामा,
सा. न. वि. वि.

तुम्ही रिटायर होऊन गंगापूरला गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. आज सगळ्यांसमोरच मानते.

‘या नळकांड्यात काय भरता, ताई?’ असं तुम्ही एकदा विचारलं होतं. तेव्हा घाईत होते, आता सांगते. औषधांचे काही रेणू जोडीतल्या डाव्या-उजव्या पायताणासारखे असतात. साध्या कॉलममधून, म्हणजे रेणू वेगळे करायच्या त्या नळकांड्यातून, दोन्ही एकदमच बाहेर पडतात. म्हणून आत भरायच्या सिलिकाच्या बारीक कणांवर सेल्युलोजचा, म्हणजे कापूस ज्याचा बनतो त्याच पदार्थाचा, लेप द्यायचा. त्याला जोडीतला एक जास्त धरतो, दुसरा पुढे निसटतो. जपानच्या ओकामोतो यांनी १९८० च्या दशकात ही वाट पाडली. लेपाआधी सेल्युलोजच्या दर ग्लुकोज-कडीवरचे तीन हायड्रॉक्सिल (ओएच गट) आयसोसायनेट नावाच्या रसायनाने झाकावे लागतात, आणि माझं घोडं तिथंच अडलं होतं.

तीन बॅचेस गेल्या. आयआरमध्ये, म्हणजे रेणूतले गट दाखवणाऱ्या इन्फ्रारेड तपासणीत, हायड्रॉक्सिलचा पट्टा तसाच, वर नको असलेल्या युरियाचा आगंतुक पट्टा. आयसोसायनेट पाण्याशीच भिडून संपत होतं. मी पिरिडीनला, म्हणजे ज्या द्रवात हे सगळं करते त्याला, दोष देत बसले, ते दोनदा कोरडं केलं.

श्रावणातली झड होती. तुम्ही कुलूप लावायला आलात, माझ्या बाटलीतली सेल्युलोजची पूड चिमटीत दाबलीत. तिची गोळी झाली. ‘ह्यो कापसाचाच भाऊबंद ना? मग वलाच हाय की. आमचा कापूस आठ टक्क्यांच्या वर ओल दाखवला की व्यापारी भाव पाडतो.’ पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला हे ऐकून मला हसू आलं नाही, मामा, लाज वाटली.

त्या रात्री पूड ओव्हनमध्ये ठेवली. पहाटे लाईट गेली. तुम्ही चिमट्याने गरम भांडं उचलून डेसिकेटरमध्ये, त्या ओल न शिरणाऱ्या काचेच्या बरणीत, ठेवलंत, झाकणाला ग्रीस लावलंत आणि मग मला फोन केलात. ओव्हन गार होऊन पुडीने पुन्हा ओल ओढली असती, तर चौथी बॅचही गेली असती.

(पुढे एक कॉलम मी टीएचएफने, म्हणजे लेप विरघळवणाऱ्या द्रवाने, धुतला आणि सगळा लेप वाहून गेला. ती चूक माझी एकटीची.)

नव्या कॉलममधून सोडलेल्या ट्रान्स-स्टिल्बीन ऑक्साइडचा, अशाच एका डाव्या-उजव्या जोडीचा, प्रिंट पाठवते आहे.  दोन शिखरं आहेत, आणि मधली रेघ पार तळाला टेकली आहे, म्हणजे जोडी पूर्ण सुटली, ती बघा. मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई