भेटायला कोण येतं?

ती. आई-अप्पा,
सा. नमस्कार.

मी मजेत आहे हे आधीच सांगतो. जेवतो वेळेवर, कानटोपी घालतो, आणि आई, व्हिडिओ कॉलवर बारीक दिसतो तो कॅमेऱ्याचा दोष आहे. दोन रविवार फोन केला नाही कारण काम होतं, दुसरं काही नाही, उगाच मनात काहीबाही आणू नका.

इथे स्टुटगार्टमध्ये एक वेगळंच बघितलं. आमच्या गल्लीत फुटपाथला मध्येमध्ये छोटे पितळी चौकोन बसवलेत, दहा बाय दहा सेंटिमीटर. मला वाटलं पाण्याच्या लाइनचं काहीतरी असेल. मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या आजी भर रस्त्यात गुडघे टेकून, बादली नि स्पंज घेऊन तो चौकोन घासताना दिसल्या आणि जाणारा-येणारा वळूनपण बघेना! त्याला श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागायचा दगड, पण ठेच लागत नाही, फरशीच्या लेव्हललाच असतो. नाझींनी मारलेला माणूस ज्या घरात राहायचा त्या दारासमोर त्याच्या नावाचा एक. वाचायला वाकावंच लागतं. लोक बिनधास्त पाय देऊन जातात, मी अजून बाजूने जातो, नावावर पाय कसा द्यायचा, आजी हसतात मला. पितळ काळं पडतं म्हणून घासायचं. मीपण घासला, पितांबरी असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

तो दगड आजींच्या आजोबांच्या धाकट्या भावाचा. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडूनच लढला, तोफांच्या माऱ्यातून घरी आला तो थरथरतच. असे हजारो होते, क्रीग्सत्सिटरर म्हणायचे त्यांना. विजेचे झटके देऊन बरं करायला बघायचे, वर 1926 ला निकाल लागला की हे दुखणं युद्धाचं नाहीच, मग पेन्शन कसली. हा वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात. 1939 ला बर्लिनहून फॉर्म यायला लागले, प्रत्येक पेशंटचा एक. आजार काय, काम काय करतो, भेटायला नियमित कोण येतं. पेशंटला न बघताच डॉक्टरांनी फॉर्मवर लाल खूण केली की संपलं. करड्या रंगाची बस यायची न्यायला. ग्राफेनेक म्हणून डोंगरात जुना वाडा आहे, तिथे 1940 या एका वर्षात 10,654 माणसं गॅसने मारली. घरी पत्र जायचं, अमक्या आजाराने गेले, दहन केलंय, राख हवी तर कळवा. अपेंडिक्स आधीच काढलेला माणूस अपेंडिक्सने गेला अशीपण पत्रं गेलीत.

आजी म्हणाल्या, घरचे जायचे कमी झाले होते. आणि परत घासायला लागल्या.

मी गेल्या शनिवारी ग्राफेनेकला जाऊन आलो. तिथे आजही अपंग लोक राहतात, त्यांची संस्था आहे. एक जण बाकावर सफरचंद खात होता, त्याने मला हात केला.

अप्पा, तात्यांचा विषय मी मुद्दाम काढत नाहीये. तात्यांना ठेवलंय तिथले डॉक्टर चांगले आहेत, तुम्ही केलं ते बरोबरच केलं, त्याची नि याची तुलना नाहीच. पण मागच्या डिसेंबरला बारा दिवस आलो आणि एकदाही त्यांच्याकडे गेलो नाही. लग्नं होती, खरेदी होती, कारणं होतीच. अजून एक, हे तुम्हाला माहीत नाही, दिवाळीत तात्या कोठीच्या खोलीत जाऊन बसायचे ना, तेव्हा दाराशी अ‍ॅटमबॉम्ब मीच लावायचो. पोरं हसायची म्हणून.

बरं, पैसे पाठवलेत, 40 हजार. 25 कर्जाच्या हप्त्याला आणि 15 गाडीभाड्याला, दर महिन्याला काकूंना घेऊन तात्यांकडे जा, एसटीने नको, काकूंचे गुडघे दुखतात. पुरले नाहीत तर सांगा, लाजू नका.

कऱ्हाडच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगी छान आहे, नाही म्हणत नाहीये, फक्त मे महिन्याची तारीख परस्पर धरू नका. एप्रिलचं तिकीट बघतोय. आधी तात्यांकडे जाऊ, मग कऱ्हाडला. आई, तेवढं काकूंना विचारून ठेव, तात्या अजून तपकीर ओढतात का, का तिथे चालत नाही.

तुमचा,
बाळ्या