बोरनहाणाचे फोटो बसून काढावेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वाचकांनी पाठवलेली बोरनहाणाची छायाचित्रे आपण छापता आणि मी ती आवर्जून पाहतो. तालुक्याच्या गावी 30 वर्षे फोटो स्टुडिओ चालवल्यामुळे असेल, पण त्यांतली बरीचशी पाहून मन खट्टू होते. पाटावरचे मूल भेदरून वर बघत असते, कारण काका, मामा, आत्या असे सगळेच मोबाइल घेऊन त्याच्यापुढे उभे राहतात आणि ‘इकडे बघ, हास ना’ असा एकच गिल्ला करतात. असा वरून काढलेला फोटो मुलाचे डोके मोठे आणि पाय आखूड दाखवतो, आणि हलव्याचा मुकुट कपाळावर उतरलेला असला तर डोळेही त्याखाली झाकले जातात.

फोटो काढणाऱ्याने सरळ जमिनीवर मांडी घालावी आणि मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत धरावा. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे अगदी जवळून काढले की नाक मोठे येते. त्यापेक्षा तीन-चार हात मागे सरकून दुप्पट झूम करावे.

खरी पंचाईत होते ती काळ्या झबल्यामुळे. चौकटीत काळा रंग जास्त असला की कॅमेरा सगळेच गरजेपेक्षा उजळ करतो, मग चेहरा पांढुरका पडतो आणि आजीने एकेक दाणा ओवून केलेल्या दागिन्यांचे नुसते पांढरे ठिपके उरतात. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा उतरवला, तर हलव्याचा काटान् काटा दिसतो. फ्लॅश बंदच ठेवावा. समारंभ बहुधा संध्याकाळी असतो, म्हणून मुलाला नटवून झाल्यावर, पाहुणे यायच्या आत आणि दिवस मावळण्यापूर्वी, दहा मिनिटे पाट खिडकीपाशी मांडावा.

बोरे, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले जातात त्या क्षणासाठी सगळे टपलेले असतात, पण तेव्हा बहुतेक मुले डोळे मिटून घेतात. माझा सर्वांत आवडता फोटो त्यानंतरचा आहे. बाकीची पोरे खाऊ वेचायला तुटून पडली होती, उत्सवमूर्तीकडे कुणाचेच लक्ष नव्हते, आणि ती दीड वर्षांची मुलगी मांडीत अडकलेले एक बोर दोन बोटांत धरून आईच्या तोंडाशी नेत होती. ती हसत नव्हती, कॅमेऱ्याकडे बघतही नव्हती. मी जमिनीवर बसलो होतो म्हणूनच तिचे ते गंभीर डोळे मला दिसले.

आपणांस विनंती आहे की, निवड करताना मूल कॅमेऱ्याकडे बघून हसलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये आणि पुढच्या संक्रांतीला छायाचित्रे मागवताना आवाहनाच्या चौकटीत ‘फोटो मुलासमोर बसून काढावा’ एवढी एक ओळ अवश्य छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त छायाचित्रकार