तिबोटी खंड्यासाठी थोडी मातीची दरड सोडा

माननीय संपादक,

तिबोटी खंड्या हा आपल्या रायगडचा जिल्हा पक्षी, त्याचे फोटो पावसाळा लागला की सगळीकडे फिरतात, कौतुक होतं आणि ते व्हायलाच पाहिजे. पण हा पक्षी घरटं कुठे करतो ते फारसं कुणी बघत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

चिमणीपेक्षाही लहान पक्षी, लालभडक चोच, पोट पिवळंनारिंगी, डोक्यावर जांभळट झाक, आणि पायाला तीनच बोटं म्हणून हे नाव. मृगाचा पाऊस सुरू झाला की तो कोकणात येतो. येतो तो रात्रीचा प्रवास करून, त्यामुळे कधी कधी खिडकीच्या काचेवर आपटतो. आमच्या ओटीवर एकदा असाच एक सकाळी पडलेला मिळाला, खोक्यात अंधारात तासभर ठेवला, मग झाकण उघडल्यावर बाणासारखा झाडीत गेला. हातात घेतला तेव्हा वजन असं लागलंच नाही.

आता मुद्दा. याचं घरटं झाडावर नसतं. दाट सावलीतल्या वहाळाच्या, पऱ्याच्या म्हणजे छोट्या ओढ्याच्या काठाला जी ओली मातीची उभी दरड असते तिच्यात नर-मादी दोघं मिळून बीळ कोरतात, कधी कधी मीटरभर आत. आत काही गवतबिवत नाही, मातीवरच अंडी. अंडी उबवायला सतराएक दिवस आणि मग पिल्लं उडायला वीसेक दिवस, म्हणजे सव्वा महिना ती दरड जशीच्या तशी राहायला हवी. आईबाप सापसुरळी, पाल, छोटा खेकडा, बेडूक असं काहीबाही आणतात, फांदीवर आपटून आपटून मऊ करतात आणि बिळात घुसतात, दिवसभर हेच चालू. पहिली वीण फसली तर पुन्हा घालतात, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत त्यांचा संसार दरडीतच असतो.

आणि नेमक्या याच दिवसात आपली कामं निघतात. मागच्या जुलैत आमच्याकडे वहाळाचा काठ सरळ करायला जेसीबी आला, अर्ध्या दिवसात दरड खाली. त्यात बीळ होतं हे आम्हाला माहीत होतं, आम्ही सांगायला गेलो तोवर उशीर झाला होता, दोन्ही पक्षी संध्याकाळपर्यंत तोंडात भक्ष्य घेऊन त्याच जागेवर घिरट्या घालत होते. ते बघवलं नाही.

पूर येतो, शेत वाहून जातं, भिंत लागते हे मान्यच आहे, आम्हीही शेतकरीच आहोत. पण काम मेअखेर उरका नाहीतर ऑक्टोबरात करा, आणि अख्ख्या काठाला दगड-सिमेंट लावू नका, कारण सिमेंटमध्ये बीळ कोरता येत नाही. फोटोग्राफर मंडळींनाही हात जोडून विनंती, बिळासमोर तासन् तास गर्दी करून बसू नका, माणूस दिसला की तो घास घेऊन लांब बसून राहतो आणि आत पिल्लं उपाशी.

आमच्या वहाळाच्या वरच्या वळणाला अजून वीसेक फूट कच्ची दरड उरलीय, यंदा तिथे दोन बिळं होती. दिवाळीनंतर तिथेही भिंत येणार असं ऐकतोय. तेवढा तुकडा मातीचाच ठेवावा असं आम्ही काही जणांनी ग्रामसभेत लेखी दिलंय.

एक वाचक, जि. रायगड